डोळा, मूठ आणि वाटा : ख्रिस्ती दानाविषयी एक अभ्यास

वाचन : लूक १२:१३-२१, २ करिंथ, अध्याय ८ व ९

आपल्या मंडळ्यांतील उपदेशांत 'भौतिकवाद' हा शब्द वारंवार कानी पडतो. शब्द भारदस्त आहे. परंतु पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला तो थोडा खटकतो. भौतिकवाद हे मुळात एका तत्त्वज्ञानाचे नाव. जड सृष्टीपलीकडे काहीही नाही असे मानणारा तो भौतिकवादी. आपल्या देशात त्यासाठी चार्वाकाचे नाव घेतात. या अर्थाने आपल्यातील भौतिकवादी किती निघतील? आपण उपासनेस येतो, कुटुंबप्रार्थना करतो, आजाऱ्यासाठी उपवास करतो. देव आहे याविषयी आपल्याला शंका नाही. शंका असते ती उद्याच्या हप्त्याविषयी. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतरच्या वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी 'चंगळवाद' हा शब्द घरोघरी पोहोचवला. तो अधिक जवळचा खरा, पण तोही पुरा पडत नाही. चंगळ करणारा निदान खर्च तरी करतो. आपल्यातील कितीतरी भाविक जन्मभर एकच कोट वापरून, चहात साखर मोजून घालून, केवळ साठवीत असतात.

नव्या करारात या रोगाचे नाव 'प्लेओनेक्सिया' असे आहे. 'प्लेओन' म्हणजे अधिक, आणि 'एखेइन' म्हणजे असणे, बाळगणे. आहे त्याहून अधिक असावे, शेजाऱ्याहून अधिक असावे, ही ती ओढ. आपल्या मराठीत आपण तिला लोभ किंवा हाव म्हणतो. कलस्सैकरांस पत्रात (३:५) पौल तिला सरळ मूर्तिपूजेच्या रांगेत बसवतो. मूर्तिपूजा सोडून आल्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनी त्या ओळीपाशी जरा थांबावयास हवे.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्यावी. वस्तू वाईट नाहीत. देवाने निर्माण केलेले त्याने स्वतः चांगले म्हटले. शब्द देह झाला. प्रभूने आपली आठवण भाकर व द्राक्षारस या खाण्यापिण्याच्या जिनसांत ठेवली. तीमथ्याला लिहिताना पौल धनवानांना सांगतो की, देव सर्व काही उपभोगासाठी विपुल देतो, आणि लगेच पुढच्या वचनात त्यांनी ते वाटण्यास तयार असावे असे म्हणतो (१ तीमथ्य ६:१७-१८). उपभोग आणि वाटणे ही दोन्ही त्याने एका दमात सांगितली. संन्याशाची विरक्ती आणि ख्रिस्ती औदार्य यांत हा भेद आहे, आणि आपल्या भूमीत विरक्तीचा मान मोठा असल्यामुळे तो ध्यानात ठेवणे बरे.

खळ्यावरचा धनवान

लूकच्या बाराव्या अध्यायातील प्रसंग आपल्या गावांतील कोणालाही परका वाटणार नाही. एक मनुष्य प्रभूकडे येतो आणि भावाकडून वतनाची वाटणी मिळवून देण्याची विनंती करतो. वाटणीचे दावे आपल्याकडे आजोबा घालतात आणि नातू चालवतात. प्रभू न्यायाधीश होण्याचे नाकारतो, प्लेओनेक्सियापासून सावध राहावयास सांगतो, आणि मग दाखला देतो.

त्या धनवानाने चोरी केली, व्याजाने लुबाडले, असे दाखल्यात कोठेही नाही. जमीन पिकली, इतकेच. पुढे तो बोलतो ते मात्र स्वतःशीच. मूळ ग्रीकमध्ये त्याच्या तीन वचनांच्या भाषणात 'माझे' हा शब्द चार वेळा येतो: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, आणि शेवटी माझा जीव. पहिल्या तिन्हींविषयी त्याच्याशी वाद घालता येईल. चौथ्यावर देव स्वतः बोलतो. तो जीव आज रात्री मागितला जाईल, असे आपण वाचतो. तेथील ग्रीक क्रियापद 'अपाइतेओ' हे दिलेले परत मागण्याचे आहे. नव्या करारात ते आणखी एकाच ठिकाणी आढळते, लूक ६:३० मध्ये, जेथे आपली वस्तू घेऊन गेलेल्याकडे ती परत मागू नका असे प्रभू शिकवतो. म्हणजे धनवानाचा जीव हा उसना होता. उसने घेतलेल्याला 'माझे' म्हणण्याची त्याला इतकी सवय झाली होती की, मालक दाराशी येईपर्यंत ते त्याच्या ध्यानातही आले नाही.

महाराष्ट्रात खळ्यावर धान्याची रास पडली की बलुतेदार येत. सुतार, लोहार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे. वरवर पाहता ही वाटून खाण्याची रीत. त्या दाखल्यातील एकट्या धनवानाहून बरी, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा त्या खळ्याच्या कडेला, सर्वांच्या शेवटी उभे असत. त्यांच्या पदरात पडे ते श्रमाचे मोल असूनही दयेचा तुकडा म्हणून पडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती. देण्याघेण्याचा व्यवहार चालू आहे, धान्य हातातून हातात जात आहे, आणि तरी घेणाऱ्याची मान दरवर्षी थोडी अधिक वाकत आहे, हे आपल्या समाजाने शतकानुशतके पाहिले आहे.

म्हणूनच मराठीत ख्रिस्ती दानाविषयी बोलणे अवघड आहे. शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाला एक उंची चिकटलेली आहे. दक्षिणा खालून वर जाते. भीक वरून खाली येते. दानाने देणाऱ्याच्या पदरी पुण्य जमा होते, घेणारा त्याचे निमित्त ठरतो. वर्गणी या शब्दात दारावर आलेल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांचा चेहरा दिसतो, आणि वर्गणी न दिल्यास पुढे काय, याची धाकधूकही. देणारा आणि घेणारा समान पातळीवर उभे आहेत, असे सांगणारा रुळलेला शब्द शोधू लागलो की हात रिकामा राहतो.

डोळा

डोंगरावरील प्रवचनात, पृथ्वीवर साठवण करू नये आणि दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, या दोन शिकवणींच्या मध्येच प्रभू एकाएकी डोळ्याविषयी बोलतो (मत्तय ६:२२-२३). पैशाच्या विषयात डोळा कोठून आला? इब्री वाक्प्रचार माहीत असला म्हणजे कोडे सुटते. नीतिसूत्रांत चांगल्या डोळ्याचा मनुष्य म्हणजे उदार मनुष्य, जो आपल्या अन्नातून गरिबाला देतो (२२:९). आणि वाईट डोळ्याचा म्हणजे कृपण, ज्याच्या पंक्तीस बसू नये (२३:६). आपला मराठी वाचक 'वाईट डोळा' वाचतो आणि त्याला मीठमोहऱ्या आठवतात. दृष्ट लागण्याशी या वचनाचा संबंध नाही. त्याऐवजी आपला दुसरा वाक्प्रचार आठवावा: अमक्याचा त्या जमिनीवर डोळा आहे. तो डोळा प्रभूच्या मनात होता.

त्याच ठिकाणी चांगल्या डोळ्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो 'हाप्लूस': एकसंध, दुमड नसलेला, सरळ. याच मुळापासून झालेले 'हाप्लोतेस' हे नाम पौल औदार्यासाठी वापरतो. मासेदोनियातील मंडळ्यांचे दारिद्र्य खोल होते, पण त्यातून हाप्लोतेसची संपत्ती उसळून आली, असे तो सांगतो (२ करिंथ ८:२). आपण 'औदार्य' असे भाषांतर करतो आणि ते योग्यच आहे, पण मूळ शब्दात रकमेचा मोठेपणा नसून मनाचा सरळपणा आहे. देताना एक डोळा पेटीकडे आणि दुसरा शेजारच्या बाकाकडे, असे ज्याचे होत नाही, तो उदार. अलीकडे अर्पणाच्या पेटीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि पैसे दूरध्वनीवरून जातात. कोणी किती दिले हे शेजाऱ्याला दिसत नाही, ही त्याची जमेची बाजू. मुलांना मात्र आईबाप देतात हेच दिसेनासे झाले, याचा विचार पाळकांनी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी करावा.

करिंथकरांना पत्र

इ. स. ५५-५६ च्या सुमारास पौल यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी पैसे गोळा करीत होता. देणारे बहुतांशी विदेशी, घेणारे यहूदी. देणाऱ्यांचे नवेपण आणि घेणाऱ्यांचा जुना मान यांमुळे हा व्यवहार नाजूक होता. करिंथकरांनी वर्षापूर्वी मोठ्या उत्साहाने आरंभ केला आणि मग हात आखडता घेतला. या परिस्थितीत पौलाने दोन अध्याय लिहिले, आणि त्यांत पैशासाठी रुळलेला ग्रीक शब्द तो एकदाही वापरत नाही.

त्याऐवजी 'खारिस' हा शब्द या दोन अध्यायांत दहा वेळा येतो. खारिस म्हणजे कृपा. मासेदोनियावर झालेली देवाची कृपा ती खारिस (८:१). पैसे देण्यात भाग मिळावा म्हणून त्यांनी केलेली विनवणी, ती खारिससाठी (८:४). तीत जे काम पुरे करणार तेही खारिस (८:६). धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झालेल्या प्रभूची ती खारिस (८:९). आणि शेवटच्या वचनात देवाचे आभार मानले आहेत, तेथेही शब्द खारिसच (९:१५). मराठीत आपल्याला प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द योजावा लागतो: कृपा, अनुग्रह, धर्मकार्य, आभार. भाषेचा तो नाइलाज आहे. पण त्यामुळे साखळी तुटते आणि वाचकाला वाटते की, देवाची कृपा हा एक विषय आणि आपले अर्पण हा दुसरा. पौलाला एकच प्रवाह दिसतो. देवाकडून निघालेली खारिस फिलिप्पैच्या गरिबांच्या हातांतून यरुशलेमेस जाते आणि आभार होऊन देवाकडे परतते.

दुसरा शब्द 'कोइनोनिया'. आमच्या भाषांतर समितीची एक सबंध दुपार या शब्दावर गेली आहे. आपण 'सहभागिता' म्हणतो, आणि डोळ्यांपुढे प्रार्थनेनंतरचा चहा येतो. रोमकरांस पत्रात (१५:२६) मात्र पौल यरुशलेमेसाठी जमवलेल्या पैशालाच कोइनोनिया म्हणतो. भागी, वाटेकरी, हा त्याचा रोकडा अर्थ. दोन शेतकरी भागीत बैलजोडी घेतात, तेव्हा कोण कोणाला दान देतो? 'वाटा' या साध्या शब्दातच मला त्या अर्थाची सर्वांत जवळची छाया दिसते.

आणि तिसरा, 'इसोतेस', समानता (८:१३-१४). तुमच्यावर ओझे पडून इतरांना सुख व्हावे असा हेतू नाही, आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची, असे पौल सांगतो. त्याला तो रानातील मान्न्याचा दाखला जोडतो (निर्गम १६:१८). ज्यांनी रात्रीसाठी अधिक मान्ना ठेवला, त्याला किडे पडले.

आता ९:५ पाहावे. करिंथकरांची देणगी 'एउलोगिया' म्हणून, म्हणजे आशीर्वाद म्हणून तयार असावी, 'प्लेओनेक्सिया' म्हणून नव्हे. हा विरोध मला फार महत्त्वाचा वाटतो. लोभाच्या समोर पौलाने दारिद्र्य उभे केले नाही, काटकसरही नाही; आशीर्वाद उभा केला. शिवाय, देणगीतसुद्धा लोभ असू शकतो हे तो जाणून आहे. दिल्याने अधिक मिळेल म्हणून दिलेले हे प्लेओनेक्सियाच. काही वर्षांपासून दूरचित्रवाणीवरून आणि मोठ्या सभांतून बीजाच्या नावाने जे शिकवले जाते, इतके पेरा म्हणजे इतकेपट घ्या, ते याच वचनावर आदळून फुटते. नवव्या अध्यायात पेरणीचा दाखला आहे हे खरे. पण पीक कशासाठी मिळते तेही तेथेच आहे: प्रत्येक चांगल्या कामासाठी, पुन्हा देता यावे म्हणून (९:८-११). त्या पिकातून प्रवक्त्याचे विमान निघत नाही.

ज्यांनी आपल्याला दिले

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत महाराष्ट्रातील, मध्य प्रांतातील आणि गुजरातेतील हजारो मुले मिशनांच्या आश्रमांत आली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून आणलेल्या मुली केडगावच्या मुक्तीत वाढल्या. त्यांच्याच हातांनी रमाबाईंच्या मराठी शास्त्राचे खिळे जुळवले गेले आणि पाने छापली गेली. त्या मुलींच्या ताटातील भाकरीसाठी ज्यांनी पैसे पाठवले, त्यांत बोस्टनच्या बाया होत्या, इंग्लंडमधील साधी माणसे होती. त्यांनी केडगाव कधी पाहिले नव्हते. अशा आश्रमांतून आलेल्या घराण्यांचे आपण पुष्कळजण वंशज आहोत. परदेशी पैशाची टिंगल करण्याची एक रीत आता आपल्यात आली आहे. ती मला कृतघ्नपणाची वाटते.

परंतु त्या पैशाने एक सवयही लावली, हे नाकारता येणार नाही. मंडळी म्हणजे घेणारी, मिशन म्हणजे देणारे. पाळकाचा पगार, शाळेचे कौल, दवाखान्याचे औषध सारे वरून येणार. हे ज्यांच्या मनाला प्रथम बोचले, त्यांत आपल्या मराठी मंडळीचे रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांचे आयुष्य अमेरिकन मराठी मिशनशी बांधलेले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' उभा करावयास घेतला. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. दरबाराला दोन वर्षेही धड मिळाली नाहीत. तो प्रयत्न फसला म्हणणारे आहेत. माझ्या मते पगारी सेवकाने पगाराचे बंधन जाहीरपणे सोडणे, हे त्या काळी हजार प्रवचनांच्या तोलाचे होते.

येथे एक गोष्ट दडवून ठेवू नये. टिळकांचे औदार्य कोणाच्या डब्यातून होत असे, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. हाती आलेला पैसा टिळकांच्या हातून निसटे, आणि चूल मात्र रोज पेटवावी लागे. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. पण पौलाने 'ओझे पडू नये' असे लिहिले, ते घरातल्या माणसांनाही लागू आहे. पतीने उदार व्हावे आणि पत्नीने उसनवारी करावी, याला इसोतेस म्हणता येणार नाही. देण्याचा निर्णय घरात दोघांनी मिळून घेतला जातो काय, हा प्रश्न आपल्या दानविषयक शिकवणीत मी फारच क्वचित ऐकला आहे.

टिळकांच्या आधी १९०५ च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूर येथे देशभरातील ख्रिस्ती मंडळी जमली आणि भारतीय माणसांनी, भारतीय पैशाने चालवावयाची नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. ज्या गावी केरींनी १८११ साली मराठी नवा करार छापला, तेच हे बंगालातले श्रीरामपूर. या संस्थेचे चिटणीस व्ही. एस. अझारिया १९१२ साली दोर्नकलचे बिशप झाले. त्यांच्या धर्मप्रांतातील बहुसंख्य ख्रिस्ती हे माला व मादिगा जातींतून आलेले, भूमिहीन, पोटाला महाग. तरीही अझारियांनी त्यांना दानाच्या शिकवणीतून सूट दिली नाही, आणि दान या विषयावर पुढे स्वतंत्र पुस्तकही लिहिले. गरिबाला 'तू देऊ नकोस, तू घे' असे सांगणे हा त्याचा एक सूक्ष्म अपमान आहे, हे त्यांनी ओळखले असावे.

या बाबतीत आपल्या देशात सर्वांत मोठा धडा दिला तो मिझो स्त्रियांनी. १९१० च्या सुमारास तेथील मंडळीत रीत पडली की, प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवावयाच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढावयाची. आठवड्याने मंडळीतल्या स्त्रिया तो तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा सुवार्तेच्या कामी लागतो. या मुठींतून पुढे दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहू लागले, आणि त्यांवर मिझो मंडळीने देशाच्या इतर भागांत सेवक पाठवले. ज्यांच्याकडे एके काळी मिशनरी गेले, त्यांनी मिशनरी पाठवावे, हे आठव्या अध्यायातील 'आज तुमचे, उद्या त्यांचे' याचे प्रत्यक्ष भाषांतर आहे. मुठीची कल्पना आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडाच्या धान्यावर गरीब मुलांची वसतिगृहे पोसली, आणि त्या सातारच्या मातीत टिळकांचा दरबारही होता. या रीतीत मला विशेष आवडते ते हे की, ती मूठ शिजवण्याआधी निघते. उरलेले देणे हा तिचा स्वभाव नाही.

बंगळुरूहून पाहताना

मी राहतो ते बंगळुरू शहर पाहता पाहता श्रीमंत झाले. संगणकाच्या कामासाठी पुण्यामुंबईहून, नगर-सोलापूरकडून, बेळगावहून आलेली मराठी ख्रिस्ती तरुण मुले येथे आहेत. ज्यांच्या आजोबांना गावी पाळकाचा पगार म्हणून पायलीभर ज्वारी गोळा करावी लागली, त्यांची नातवंडे येथे महिन्याला लाखाच्या घरात मिळवतात. त्यांच्याविषयी मला कौतुक वाटते. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी यांत त्यांचा जीव कसा पिळून निघतो, तेही मी पाहतो. त्यांना लोभी म्हणून झोडपणे अन्यायाचे होईल. पण पूर्वी जे चैनीचे होते ते आता गरजेचे झाले, आणि जे गरजेचे झाले त्यातून काही देता येत नाही, हा हिशोब असाच चालला तर प्लेओनेक्सियाला हाव दिसण्याचीही गरज उरत नाही. ती हप्त्याचे रूप घेते.

येथील चांगली मंडळी प्रामाणिकपणे दशमांश काढते. दशमांशाविषयी मलाखी ३:१० आपल्याला पाठ आहे. त्याच अध्यायाचे पाचवे वचन किती जणांना आठवते? तेथे मजुराची मजुरी अडवणाऱ्याविरुद्ध, विधवा व अनाथ यांना छळणाऱ्याविरुद्ध परमेश्वर स्वतः साक्षीला उभा राहतो. अनुवादात (१४:२८-२९) तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, उपरी, अनाथ व विधवा यांनी पोटभर खावे म्हणून आहे. म्हणून दशमांशाचा लखोटा भरताना घरकामाच्या बाईचे खाडे कापलेल्या रकमेकडेही पाहावे. ज्या पैशाला मुळात आपले म्हणता येत नाही, तो देवाला देता येत नाही. जक्कयाने अर्धे गरिबांना देऊ केले आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वेगळे सांगितले (लूक १९:८). दोन खाती त्याने एकत्र केली नाहीत.

आणि हप्ते नसलेल्या मंडळ्यांचे काय? मराठवाड्यातील कितीतरी लहान मंडळ्यांचा पाळक आजही दुसऱ्याच्या शेतात कामाला जातो आणि शनिवारी रात्री उपदेश तयार करतो. बंगळुरूतील कुटुंबाने त्याच्या मुलीची फी भरली, तर ती भीक नव्हे, दानही नव्हे, वाटा होय. पण मग त्या पाळकाकडून काही घेण्याची तयारी हवी. त्याला बोलवावे, त्याचे प्रवचन ऐकावे, त्याच्याकडून प्रार्थना शिकावी. रोमकरांस पत्रात (१५:२७) पौल हेच सांगतो: विदेशी लोक यरुशलेमेचे ऋणी आहेत. घेणाऱ्याकडेही देण्यासारखे आहे हे मान्य केल्याशिवाय समानता येत नाही. पैसे पाठवून छायाचित्र मागवणे, ही खळ्याचीच रीत नव्या वेषात होय.

दमड्या आणि दगड

विधवेच्या दोन दमड्यांवर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो. ते लेप्ता नावाचे नाणे. मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचे एकशेअठ्ठाविसावे अंश. मजुरी ६४० रुपये धरली, तर तिने दहा रुपये टाकले. तिच्या अर्पणाची थोरवी प्रभूने स्वतः सांगितली, तेथे वाद नाही. परंतु मार्कचा बारावा अध्याय संपताना तो थांबू नये, कारण अध्यायांची विभागणी पुष्कळ नंतरची आहे. तिच्या आधीच्या वचनात विधवांची घरे गिळणारे शास्त्री आहेत (१२:४०). तिच्या नंतरच्या वचनात एक शिष्य मंदिराच्या दगडांचे कौतुक करतो, आणि यातील दगडावर दगड राहणार नाही असे प्रभू सांगतो (१३:१-२). गिळलेली घरे, दहा रुपये, कोसळणारे दगड: मार्कने ही तिन्ही एका ओळीत मांडली आहेत. विधवेने सर्वस्व द्यावे असा उपदेश जो करतो, त्याने तिचे दहा रुपये कोठे गेले याचेही उत्तर द्यावयास बांधलेले असावे.

आपल्या मंडळ्यांत आज औदार्याला ओहोटी लागण्याचे एक मोठे कारण येथे आहे, आणि त्याविषयी आपण कुजबुजतो, उघड बोलत नाही. मंडळीच्या जमिनींचे दावे न्यायालयांत वर्षानुवर्षे चालतात. संगमरवरी फरशीसाठी मोहीम निघते आणि खजिनदाराचा हिशोब दोन वर्षे वाचला जात नाही. तरुण विचारतात, आणि त्यांना अविश्वासी ठरवले जाते. पौल प्रेषित होता. माझ्यावर विश्वास ठेवा असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्याला होता. त्याने तसे केले नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू तीताबरोबर पाठवला, आणि आणखी एक, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कोणी दोष काढू नये. प्रभूच्या दृष्टीने जे योग्य तेवढेच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही (२ करिंथ ८:१८-२२). कृपेविषयीच्या त्या उदात्त अध्यायातच हिशोबतपासनीस आहे.

करिंथकरांनी शेवटी दिले. रोमकरांस पत्र लिहिताना पौल मासेदोनियाबरोबर अखयाचेही नाव घेतो, आणि करिंथ अखयातच होते. मग तो यरुशलेमेकडे निघाला. प्रेषितांची कृत्ये २०:४ मध्ये लूक त्याच्या सोबत्यांची नावे देतो: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख व सकूंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसियातील तुखिक व त्रफिम. सात माणसे, गावोगावची. ती कशासाठी निघाली हे लूक सांगत नाही. करिंथकरांचे पत्र वाचून झालेल्याला मात्र त्यांच्या कमरेचे कसे दिसतात.